सर, तिकडची लाईट गेली का? – घरबसल्या ध्रुवप्रदेश पाहण्याविषयी

तापीकाठचा_मास्तर | १२ मे, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. मेच्या सुट्टीत गावच्या वाचनालयात सकाळी सात ते नऊ या वेळेत आठवी-नववीच्या चौदा मुलांचा वर्ग घेतो आहे, कारण नऊनंतर आमच्याकडे पत्र्याखाली बसणे शक्य नसते. विषय ठरवला होता, उपग्रहचित्रांतून अंटार्क्टिकाची ओळख. फेब्रुवारीत तयारी केली तेव्हा नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर दक्षिण ध्रुवाचा नकाशा उघडून एकेक दिवस पुढे सरकवत गेलो, तर किनाऱ्यालगतचा बर्फ कसा फुटतो, हिमनग कसे वाहत जातात हे सारे डोळ्यांसमोर घडत होते. म्हटले, मुले हरखून जातील.

पहिल्या दिवशी मुलांसमोर आदल्या दिवशीचे चित्र उघडले आणि पडद्यावर मधोमध मोठे काळे वर्तुळ आले. कडेला थोडा पांढरा पट्टा, बाकी अंधार. मागून एका मुलाने विचारले, "सर, तिकडची लाईट गेली का?" आमच्याकडे रोज दुपारी वीज जाते, त्यामुळे त्याची शंका रास्तच होती. ध्रुवीय रात्र समजावून सांगण्यास याहून चांगली संधी मिळाली नसती, हे खरे. पण पुढच्या बारा दिवसांचा माझा आराखडा त्या वर्तुळात बुडाला, हेही खरे.

दुसरी अडचण चलच्चित्राची आहे. अंटार्क्टिकातील आपल्या भारताच्या मैत्री या संशोधन केंद्राजवळच्या टेकड्यांची सेंटिनेल-२ या उपग्रहाने टिपलेली चित्रे तारखेप्रमाणे एकापुढे एक लावून मी एक छोटी चित्रफीत केली. ती चालवली की सावल्या घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरतात आणि खडक जागच्या जागी उड्या मारतात. खडक तर हलत नाहीत ना? माझे काय चुकले?

आणि तिसरा प्रश्न तंत्राचा नाही. आमच्या शाळेतील एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "खुर्चीत बसून चित्रे सरकवणे याला शोध म्हणत नाहीत, हा खेळ झाला." मला ते पटले नाही, पण त्यांना उत्तरही देता आले नाही. आपले मत काय?

भुसावळ_जंक्शन | १२ मे, सकाळी १०:४०

मास्तर, आज इथे पारा सेहेचाळिसाला टेकला आहे. अशा दिवशी तुम्ही बर्फाचा धागा काढलात, यातच आपले पुण्य आहे. उत्तर माहीत नाही, पण धागा दुपारभर उघडा ठेवणार आहे. कूलरपेक्षा स्वस्त पडेल.

हिमरेषा | १२ मे, दुपारी १:०५

मी मूळची धुळ्याची, सध्या नोकरीनिमित्त गुजरातेत असते आणि उपग्रहचित्रांवरच काम करते. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्यासारखी आहेत, तिसऱ्यावर भांडण होईल असे दिसते.

तुम्ही फेब्रुवारीत पाहिलेले चित्र हे सूर्यप्रकाशात काढलेले छायाचित्र होते. टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) या उपग्रहांवरील मोडिस हे उपकरण जमिनीवरून परतणारा प्रकाश टिपते. सूर्यच उगवत नसेल तर टिपणार काय? मेच्या मध्यापासून अंटार्क्टिकाचा बहुतेक भाग अंधारात जातो. तेव्हा दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे रडार. सेंटिनेल-१ हा उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि परतणाऱ्या लहरी मोजतो, म्हणून त्याला ना सूर्य लागतो ना निरभ्र आकाश. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर त्याची चित्रे विनामूल्य पाहता येतात. चित्र राखाडी आणि दाणेदार दिसेल. शांत समुद्र काळा, बर्फाचे कंगोरे पांढरे, आणि वितळून ओला झालेला बर्फ मात्र काळपट. मुलांना ते वाचायला शिकवावे लागेल, पण दोन तासांत जमते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला नासा आणि इस्रो यांचा निसार हाही रडार-उपग्रहच आहे आणि दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवर परततो.

दुसरा मार्ग अगदी सोपा आहे, पण तो नंतर सांगते. आधी उड्या मारणाऱ्या खडकांविषयी.

हे उपग्रह जवळजवळ ध्रुवांवरून जातात. विषुववृत्तावर त्यांच्या फेऱ्यांचे पट्टे एकमेकांपासून दूर असतात, पण ध्रुवाकडे ते छत्रीच्या काड्यांसारखे जवळ येतात आणि एकमेकांवर चढतात. त्यामुळे जळगावचे चित्र नेहमी सकाळच्या ठरावीक सुमारास मिळते, तर मैत्रीजवळच्या एकाच टेकडीवरून शेजारशेजारच्या अनेक फेऱ्या जातात आणि प्रत्येक वेळी सूर्य वेगळ्या दिशेला असतो. उन्हाळ्यात तो तिथे क्षितिजावर घिरट्याच घालत असतो. तुम्ही तारखा पाहिल्यात, फेरी पाहिली नाहीत. म्हणून सावल्या फिरल्या. खडकांच्या उड्यांचे कारणही तेच आहे. उंच जागा वेगवेगळ्या फेऱ्यांतून वेगवेगळ्या कोनांतून पाहिली जाते; उंचीचा हिशेब करून ती दुरुस्त केलेली असते, पण तो हिशेब अंटार्क्टिकात सगळीकडे सारखा अचूक नसतो. प्रत्येक चित्राच्या लांबलचक नावात आर हे अक्षर आणि त्यापुढे तीन आकडे असतात, तो फेरीचा क्रमांक. एकाच क्रमांकाची चित्रे निवडा. संख्या कमी होईल, पण खडक जागेवर बसतील.

केळीबाग_रावेर | १२ मे, दुपारी ३:२०

हिमरेषाताईंनी सांगितलेला फेरीचा क्रमांक मला आज पहिल्यांदा कळला. मी गेली चार वर्षे माझ्या केळीच्या बागेची हीच चित्रे पाहतो. सेंटिनेल-२ चा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद तुकडा, म्हणजे एका एकरात साधारण ४० ठिपके. माझे शेत पाच एकरांचे, अवघे दोनशे ठिपके. पण त्या दोनशे ठिपक्यांत कोणत्या कोपऱ्यात पाणी कमी पडते हे मला बांधावर जाण्याआधी दिसते. मागे जूनच्या वादळात बाग आडवी झाली तेव्हा आधीचे आणि नंतरचे अशी दोन चित्रे मी पंचनाम्यासाठी आलेल्या गृहस्थांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी कौतुकाने पाहिली आणि बागेच्या एकाच बाजूने चालून अहवाल लिहिला. असो, तो वेगळा विषय आहे.

मुद्दा असा की मुलांना एकदम अंटार्क्टिकात नेऊ नका. आधी स्वतःच्या शाळेचे छप्पर, हतनूरचा जलाशय, तापीचे पात्र हे ओळखू द्या. घरचा ठिपका ओळखला की परक्या ठिपक्याचे माप कळते. नाहीतर मूल हिमनग पाहते आणि त्याला तो मिठाच्या खड्याएवढा वाटतो.

भुसावळ_जंक्शन | १२ मे, दुपारी ३:३५

रावेरकर भाऊंना अनुमोदन. मापावरून आठवले, मार्च २००० मध्ये अंटार्क्टिकाच्या रॉस हिमफळीपासून, म्हणजे किनाऱ्याला जोडून समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरापासून, सुटलेला बी-१५ हा हिमनग सुमारे ११,००० चौरस किलोमीटरचा होता असे वाचले आहे. आपल्या जळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,७६५. म्हणजे चोपड्यापासून मुक्ताईनगरपर्यंत सगळा जिल्हा बर्फाचा होऊन समुद्रात तरंगत निघाला असे समजावे. या उकाड्यात ही कल्पना मला फार आवडली आहे.

शंकेखोर_पारोळा | १२ मे, संध्याकाळी ६:५०

सर्वांचा आदर ठेवून दोन शंका मांडतो. पहिली, या चित्रांतले रंग खरे नसतात. मी एक चित्र पाहिले, त्यात बर्फ निळा आणि ढग पांढरे होते. दुसऱ्यात बर्फ लालभडक. ज्या चित्राचा रंग बनवता येतो त्यातले बाकीचे बनवलेले नाही हे कशावरून? दुसरी, काही नकाशांवर दक्षिण ध्रुवाच्या नेमक्या जागी गोल भोक असते. सगळी पृथ्वी टिपणाऱ्यांना तेवढीच जागा सापडत नाही, हे मनाला पटत नाही. मास्तरांच्या मुलांपैकी एखाद्याने हे विचारलेच तर काय सांगणार?

हिमरेषा | १२ मे, रात्री ९:३०

शंका चांगल्या आहेत आणि दोन्हींची उत्तरे चित्र कसे तयार होते त्यातच आहेत.

रंगांचे पाहा. साध्या प्रकाशात बर्फही पांढरा आणि ढगही पांढरा. ध्रुवप्रदेशातील हीच मोठी पंचाईत आहे, कारण पांढऱ्यावर पांढरे शोधायचे असते. पण उपकरण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही टिपते. त्यातील एका पट्ट्यात बर्फ प्रकाश शोषून घेतो आणि जवळजवळ काळा दिसतो, तर पाण्याच्या थेंबांचा ढग उजळच राहतो. तो पट्टा आपण पडद्यावर दाखवायचा तर त्याला कोणतातरी दिसणारा रंग द्यावाच लागतो. लाल दिला, निळा दिला, हा संकेत आहे. मोजणी खरी आहे. रावेरकर भाऊंची केळी त्याच पद्धतीने लालभडक दिसत असणार, कारण निरोगी पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवते. बाग लाल दिसली म्हणून कोणी तिला जास्वंदीची बाग म्हणत नाही.

भोकाचे कारण कक्षेत आहे. प्रत्येक जागेवरून दर वेळी साधारण ठरावीक स्थानिक वेळेलाच जाता यावे म्हणून हे उपग्रह ध्रुवांवरून अगदी नेमके न जाता किंचित तिरप्या कक्षेत फिरतात. लँडसॅट १८५ किलोमीटर रुंदीचाच पट्टा पाहतो, त्यामुळे साधारण ८२.६ अंशांपलीकडचे त्याला कधीच दिसत नाही. मोडिसचा पट्टा २,३३० किलोमीटर रुंद आहे, म्हणून त्याच्या चित्रात भोक नाही. तुम्ही वर्ल्डव्ह्यूवर डिसेंबरमधील एखादी तारीख लावून स्वतः पाहा.

ही शंका जुनी आहे, बरे का. २३ नोव्हेंबर १९६८ रोजी एसा-७ या हवामान-उपग्रहाच्या चित्रांचा जोडनकाशा केला, तेव्हा उत्तर ध्रुवावर मोठे काळे वर्तुळ आले. नोव्हेंबरमध्ये तिथे रात्र असते, एवढेच त्याचे कारण होते. पण पृथ्वी पोकळ आहे आणि हे तिचे दार आहे असे सांगणाऱ्यांना ते चित्र अनेक वर्षे पुरले. मास्तरांच्या विद्यार्थ्याने तेच वर्तुळ पाहून लाईट गेल्याचे अनुमान काढले. मला विचाराल तर तो मुलगा त्या मंडळींपेक्षा सत्याच्या बराच जवळ होता.

शंकेखोर_पारोळा | १२ मे, रात्री १०:१०

डिसेंबरची तारीख लावून पाहिली. भोक नाही. रंगांचे पटले. पण माझे नाव बदलणार नाही.

लळिंगवाला | १३ मे, सकाळी ८:००

मी व्यवसायाने चलच्चित्रकार आहे, म्हणजे हलणारी चित्रे करून पोट भरतो. त्यामुळे या धाग्यात मला थोडे घरभेद्याचे काम करायचे आहे.

उपग्रहचित्रांची चित्रफीत करताना सर्वांत मोठा मोह असतो तो मधल्या रिकाम्या जागा भरण्याचा. समजा, १ तारखेचे चित्र आहे आणि त्यानंतर थेट १७ तारखेचे आहे. संगणकाला सांगितले की तो मधली पंधरा चित्रे स्वतः तयार करून देतो, आणि हिमनग लोण्यासारखा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो. पाहणाऱ्याला फार छान वाटते. पण ती पंधरा चित्रे कोणी काढलेलीच नाहीत. कदाचित हिमनग दहा दिवस अडकून पडला असेल आणि एका वादळात सगळे अंतर कापून गेला असेल.

याचे सर्वांत ठळक उदाहरण लार्सन बी. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूची ही तरंगती हिमफळी, सुमारे २२० मीटर जाडीची. ३१ जानेवारी २००२ च्या चित्रात तिच्यावर वितळलेल्या पाण्याच्या गडद निळ्या रेघा दिसतात, जणू पांढऱ्या कापडावर कोणी निळीची बोटे ओढली आहेत. तिथून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फ तुकडे-तुकडे होऊन समुद्रात गेला. हे घडले साधारण ३५ दिवसांत, आणि ते सांगणारी जी चित्रे नेहमी दाखवली जातात ती हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच आहेत. ती एकापुढे एक दाखवली की प्रत्येक बदलाला छातीत धस्स होते. मी एकदा हौसेने मधली चित्रे भरून तिची गुळगुळीत फीत केली होती. हिमफळी साखरेच्या पाकासारखी विरघळत गेली. पाहून मलाच लाज वाटली, कारण ती विरघळली नव्हती, ती फुटली होती. भेगांत पाणी उतरून बर्फ पाचरीने फोडल्यासारखा चिरत गेला, असे शास्त्रज्ञ सांगतात. आणि माझ्या चित्रफितीने नेमके तेच पुसून टाकले होते.

दुसरा मोह उंचीचा. विमानातून अंटार्क्टिकावर उडत असल्यासारखी त्रिमितीय दृश्ये असतात ना, त्यांत उभी उंची बहुधा अनेक पटींनी वाढवलेली असते. खरे प्रमाण सांगतो. खंडाची रुंदी साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास आणि सर्वांत उंच हिमपठार जेमतेम चार किलोमीटर. आपल्या खापरावरच्या मांड्याएवढा अंटार्क्टिका केला, म्हणजे व्यास दोन फूट धरला, तर त्याची उंची अर्धा मिलिमीटर होईल. मांडा त्यापेक्षा जाड असतो. एवढे सपाट दृश्य कोणी पाहणार नाही, म्हणून आम्ही ते फुगवतो. फुगवण्याला माझी हरकत नाही. किती पट फुगवले ते कोपऱ्यात लिहीत नाहीत, त्याला हरकत आहे.

भुसावळ_जंक्शन | १३ मे, सकाळी ८:२०

मांड्याचे नाव निघाले, आता आमरसाचेही निघेल. मी मात्र स्वतःला आवरतो.

अमळनेरच्या_आजी | १३ मे, सकाळी ११:१५

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठी असेन, म्हणून बिनधास्त विचारते. नातू म्हणतो, उपग्रहातून पेंग्विन दिसतात. मी त्याला म्हटले, रावेरच्या भाऊंचा एक ठिपका दहा मीटरचा आणि पेंग्विन माझ्या कमरेएवढा, तो दिसेल कसा? आमची पैज लागली आहे. खरे काय ते सांगा.

अनामिका_शहादा | १३ मे, दुपारी १२:४०

आजी, पैज बरोबरीत सुटली असे समजा. मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि हा माझा अत्यंत आवडता विषय आहे.

सम्राट पेंग्विन हिवाळ्यात समुद्रावरच्या गोठलेल्या बर्फावर वसाहत करतात. एकेका ठिकाणी हजारो पक्षी महिनोन्‌महिने उभे असतात. साहजिकच खालचा बर्फ विष्ठेने तपकिरी होतो. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या पीटर फ्रेटवेल आणि फिल ट्रेथन यांनी २००९ मध्ये लँडसॅटच्या चित्रांत हे तपकिरी डाग शोधले. लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा आहे. त्यात पक्षी दिसणे अशक्य, पण समुद्रबर्फावर तपकिरी रंग येण्यास दुसरे कारण नसते. त्या डागांवरून माणसाने कधीच न पाहिलेल्या वसाहती सापडल्या. पुढे २०१२ मध्ये, जास्त बारकाईने टिपणाऱ्या उपग्रहांच्या चित्रांवरून ४६ वसाहती आणि सुमारे ५ लाख ९५ हजार पक्षी अशी मोजणी प्रसिद्ध झाली. म्हणजे नातू म्हणतो तसे पेंग्विन सापडतात, आणि तुम्ही म्हणता तसे तुमच्या ठिपक्यांत ते दिसत नाहीत.

मात्र याची दुसरी बाजूही मुलांना दाखवावी. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या काठच्या पाच वसाहतींपैकी चार ठिकाणी पिलांना पोहता येण्याजोगी पिसे फुटण्याआधीच बर्फ फुटला. उपग्रहचित्रांत काय दिसले? एका तारखेला तपकिरी डाग आहे, पुढच्या चित्रात त्या जागी उघडा समुद्र आहे. एवढेच. त्या वसाहतींत बहुधा एकही पिलू जगले नसावे, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लळिंगवाले दादा, तुमचा मुद्दा इथे फार लागू पडतो. त्या दोन चित्रांच्या मध्ये कोणी गुळगुळीत चित्रे भरली तर डाग हळूहळू फिका होत गेलेला दिसेल आणि पाहणाऱ्याला वाटेल, पक्षी सावकाश निघून गेले.

अमळनेरच्या_आजी | १३ मे, दुपारी १:३०

अगं बाई. पैज राहू दे. नातवाला वाचून दाखवले, तो गप्पच झाला.

नंदुरबारी_भूशास्त्री | १३ मे, संध्याकाळी ७:४५

मास्तरांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. मी नंदुरबार-धुळे भागातील डाइकांवर काम केले आहे. डाइक म्हणजे जमिनीच्या भेगांत लाव्हारस घुसून थिजल्यावर उभी राहिलेली दगडी भिंत. आपल्याकडे अशा भिंती मैलोन्‌मैल सरळ रेषेत, साधारण पूर्व-पश्चिम दिशेने पसरल्या आहेत. शेतातून चालताना त्या नुसत्या टेकड्यांच्या रांगा वाटतात. उपग्रहचित्र उघडले की कोणी पट्टीने रेघा ओढल्यासारखे सगळे जाळे एका नजरेत येते. मी विद्यार्थी असताना ते चित्र पहिल्यांदा पाहिले आणि ज्या टेकडीवर लहानपणी शेळ्या चारल्या ती कोणत्यातरी मोठ्या रेषेचा तुकडा आहे हे तेव्हा कळले. तो शोध नव्हता असे मला कोणी सांगू नये.

पण तुमचे सहकारीही पूर्ण चुकीचे नाहीत. चित्रात दिसलेल्या एका सुंदर सरळ रेषेसाठी मी एकदा एप्रिलच्या उन्हात अकरा किलोमीटर चाललो, आणि ती जुन्या कालव्याची भर निघाली. दगडावर हातोडी मारल्याशिवाय रेषा ही फक्त रेषा असते.

ध्रुवप्रदेशातील उदाहरण द्यायचे तर पूर्व ग्रीनलंडमधील डिक्सन फ्योर्डचे देतो. फ्योर्ड म्हणजे उंच कड्यांमधून आत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी. १६ सप्टेंबर २०२३ रोजी जगभरच्या भूकंपमापकांवर एक विचित्र, एकसुरी थरथर सुरू झाली आणि ती नऊ दिवस चालली. कशाची ते कळेना. उपग्रहचित्रे ताडून पाहिली तेव्हा फ्योर्डच्या काठचा एक डोंगरमाथा आदल्या चित्रात होता आणि नंतरच्या चित्रात नव्हता. तो बर्फासह खाली कोसळला, काठावर २०० मीटरपर्यंत चढलेली लाट उठली, आणि चिंचोळ्या फ्योर्डमध्ये पाणी परातीत हेलकावावे तसे नऊ दिवस इकडून तिकडे हेलकावत राहिले. मापकांनी ऐकले, उपग्रहांनी जागा दाखवली, आणि प्रत्यक्ष गेलेल्यांनी काठावर चढलेल्या पाण्याच्या खुणा पाहिल्या. यांपैकी कोणी एकाने शोध लावला असे म्हणता येत नाही. खुर्चीत बसलेला माणूस त्या तिघांपैकी एक असतो, एवढे आपल्या सहकाऱ्यांना सांगावे.

केळीबाग_रावेर | १३ मे, रात्री ८:३०

कालव्याची भर वाचून हसू आवरले नाही. मीही एकदा चित्रातला पिवळा कोपरा पाहून करपा आला म्हणून फवारणीची तयारी केली होती. जाऊन पाहतो तर शेजाऱ्याने तिथे कडब्याची गंजी रचली होती.

हिमरेषा | १३ मे, रात्री ९:१०

भूशास्त्री सरांशी बहुतांशी सहमत आहे, पण एक भर घालते. काही गोष्टी चालून कधीच कळल्या नसत्या. पूर्व अंटार्क्टिकात रशियाच्या व्होस्टॉक केंद्राखाली सुमारे चार किलोमीटर बर्फाच्या तळाशी २५० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. वर उभ्या असलेल्या माणसाला चहूकडे सारखेच पांढरे मैदान दिसते. त्या सरोवराची खरी व्याप्ती ध्यानात आली ती नव्वदच्या दशकात, उपग्रहाने बर्फाची उंची मोजली तेव्हा, कारण तेवढाच भाग आजूबाजूच्या मानाने विलक्षण सपाट होता. तिथे हातोडी उपयोगाची नव्हती, दूर जाऊन पाहणेच उपयोगाचे होते.

आता तो राहिलेला दुसरा मार्ग. मास्तर, दक्षिणेकडे रात्र आहे म्हणजे उत्तरेकडे दिवस आहे. नकाशा उलटा करा! ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिसाटजवळ याकोब्सहाव्न ही हिमनदी आहे, जगातील सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी एक. २०१२ च्या उन्हाळ्यात तिचा वेग दिवसाला ४६ मीटरपर्यंत मोजला गेला होता. वेग वर्षागणिक बदलतो, पण दहा मीटरच्या ठिपक्यांत तो आठवड्याभरात डोळ्यांना सहज दिसतो. मार्चपासून तिथे भरपूर उजेड असतो. एकाच फेरीची चित्रे घ्या आणि मुलांना एखादी ठळक भेग धरून ठिपके मोजू द्या.

तापीकाठचा_मास्तर | १४ मे, सकाळी ९:५०

नकाशा उलटा करण्याचे मला सुचले नाही, याची भूगोलाचा शिक्षक म्हणून थोडी शरम वाटते. आजपासून ग्रीनलंड. रावेरकर भाऊंच्या सूचनेप्रमाणे पहिला अर्धा तास मुलांनी आपापली घरे शोधली. एकाला घर सापडेना, कारण त्याच्या दारातल्या कडुनिंबाने सगळे छप्पर झाकले होते. पुढे काय होते ते कळवतो.

तापीकाठचा_मास्तर | २४ मे, सकाळी १०:३०

वर्ग काल संपला. थोडक्यात वृत्तांत देतो.

एकाच फेरीची याकोब्सहाव्नची चित्रे घेतल्यावर काठचे खडक खरोखर जागेवर बसले आणि मधला बर्फच तेवढा हलू लागला. हे पहिल्यांदा पडद्यावर आले तेव्हा वर्गात कोणी बोलले नाही. मग दोन गटांनी एकेक भेग धरली आणि ठिपके मोजले. वेगाचा आकडा मुद्दामच लिहीत नाही, कारण दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत. कारण शोधल्यावर कळले की एका गटाने चौथ्या चित्रात भेग सोडून ढगाची सावली धरली होती. त्यांना अवरक्त पट्ट्याचे चित्र दाखवल्यावर त्यांनी स्वतःच चूक कबूल केली, पण तोवर वेळ संपली होती.

खरी गंमत चित्रफीत जोडताना झाली. ढगांमुळे बऱ्याच तारखांची चित्रे निकामी होती. मी ती गाळून उरलेली सलग लावणार होतो. नववीतील एक मुलगी म्हणाली, "सर, मग सगळे दिवस सारखेच वाटतील. जिथे चित्र नाही तिथे कोरी चौकट ठेवा." लळिंगवाले दादा, मी त्यांना तुमचा लार्सन बीचा किस्सा अजून सांगितलेला नव्हता. तिच्या म्हणण्याप्रमाणे केले. एकवीस चौकटींपैकी नऊ काळ्या आहेत आणि प्रत्येक काळ्या चौकटीवर तारीख लिहिली आहे.

ज्येष्ठ सहकारी शेवटच्या दिवशी पाहायला आले होते. त्यांनी फीत तीनदा चालवायला लावली. शोध की खेळ, याविषयी काही बोलले नाहीत, फक्त काळ्या चौकटी आल्या की दर वेळी विचारत होते, "इथे काय झाले असेल?"

लळिंगवाला | २४ मे, सकाळी ११:१५

त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. माझ्या धंद्यात हे शिकायला मला सात वर्षे लागली.

शंकेखोर_पारोळा | २४ मे, दुपारी १२:००

काळ्या चौकटी असलेली फीत मला पाठवा. तिच्यावर माझा विश्वास बसेल.

भुसावळ_जंक्शन | २४ मे, दुपारी १२:२०

मास्तर, अंटार्क्टिकाचे मग काय ठरले? मुलांना त्या काळ्या वर्तुळाचे उत्तर द्यायचे राहिले की.

तापीकाठचा_मास्तर | २४ मे, दुपारी १२:४५

ते दिवाळीच्या सुट्टीत. पाइन आयलंड ही हिमनदी वर्षाला ४ किलोमीटरहून अधिक सरकते, म्हणजे रोज साधारण एक ठिपका. ती धरायची ठरली आहे. ऑगस्टमध्ये तिथे सूर्य परत येतो. ज्या मुलाने पहिल्या दिवशी प्रश्न विचारला होता त्याने वाचनालयाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आहे, "लाईट ऑगस्टमध्ये येईल, पुसू नये."